बेअरिंगच्या गाडीपासून बग्गीपर्यंत

स्मरणिकेसाठी गावाच्या किंवा शाळेच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. शाळेची इमारत, मुख्याध्यापकांची नामावली, निकालांची परंपरा यावर लिहायला माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आहेत आणि ते सगळे या अंकात येईलच. मी निवडलेला विषय शाळेच्या कोणत्याही अहवालात सापडणार नाही. सणसवाडी आणि आसपासच्या पोरांनी भंगारातून ज्या गाड्या जोडल्या, मोडल्या आणि पुन्हा जोडल्या, त्यांची ही हकिगत आहे. ती लिहायला एक कारण घडले. ते ओघात येईल.

बेअरिंगची गाडी

आपल्या पिढीच्या आयुष्यातले पहिले वाहन म्हणजे सायकलचा जुना टायर आणि तो पळवायची काठी. दुसरे वाहन बेअरिंगची गाडी. बसायला एक फळी, मागे आडवा लाकडी दांडा आणि त्याच्या दोन्ही टोकांना ठोकून बसवलेली बेअरिंगे. पुढे तसाच एक दांडा, पण तो मधोमध एका नटबोल्टवर फिरणारा. पाय त्या दांड्यावर ठेवायचे आणि सुतळीचे दोन लगाम हातात धरायचे. एकाने बसायचे, दुसऱ्याने पाठीत रेटा द्यायचा. डांबरावरून ती निघाली की तिचा खडखडाट अर्ध्या गावाला ऐकू जाई, आणि तेवढ्यावरूनच घरचे ओळखत की पोरगा पुन्हा रस्त्यावर गेला.

बेअरिंगे मिळत ती नगर रस्त्याकडेच्या गॅरेजांमागे, ग्रीसने माखलेल्या ढिगाऱ्यात. मिस्त्रीच्या हाताखालच्या पोराला दोन पेरू दिले की जोडी सुटत असे. माझा एक वर्गमित्र या ढिगाऱ्यातला जाणकार होता. बेअरिंगवर कोरलेला आकडा वाचायला मला त्यानेच शिकवले. ६२०४ असेल तर शेवटच्या ०४ ला पाचाने गुणायचे, म्हणजे आतले भोक २० मिलिमीटर. ६२०५ असेल तर २५ मिलिमीटर. दांडा किती जाड तासायचा ते त्यावरून ठरे. पुढे डिप्लोमाला हेच कोष्टक पुस्तकात भेटले तेव्हा मला तो ढिगारा आठवला. हा मित्र वर्गात मात्र गणितात नापास होत असे. नववीनंतर त्याने शाळा सोडली आणि त्याच गॅरेजात कामाला लागला. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्याने तशी अटच घातली आहे.

बेअरिंगच्या गाडीची मर्यादा सगळ्यांना लवकरच कळे. डांबर सोडून ती मातीत उतरली की पोलादी कडे रुतून बसे. धूळ आत गेली की गोळ्या अडकत. आणि डांबरावर तर मोठ्या गाड्यांची रहदारी वाढत होती, तिथे खेळायची बंदी. आपल्याकडे मोकळे होते ते मुरमाचे माळ, काळ्या मातीची शेते, बांध आणि पावसाळ्यानंतर कोरडे पडणारे ओढे. त्यावर चालेल अशी गाडी हवी होती.

दोन टोकांचा रस्ता

भंगारवाल्याच्या दारात आज काय पडले आहे, हे गावात दहा-पंधरा वर्षांपूर्वी काय पळत होते यावर ठरते. आपल्या भागात काय पळत होते, ते समजायला आपल्या रस्त्याची दोन टोके पाहावीत. एका टोकाला पुणे आणि त्यापलीकडे आकुर्डीचा बजाजचा कारखाना. तिथली चेतक स्कूटर १९७२ साली बाजारात आली. दुसऱ्या टोकाला नगर. तिथे कायनेटिकची लुना तयार होऊ लागली, तीही १९७२ सालचीच. पुढे १९८४ मध्ये बिनगिअरची कायनेटिक होंडा आली आणि ऐंशीच्या दशकातच दुधाच्या किटल्या लादून पहाटे डेअरी गाठणारी बजाज एम-८०. शेतकऱ्याच्या दारात लुना किंवा एम-८०, शिक्षकाच्या दारात चेतक, फाट्यावर बजाजची रिक्षा, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

मग लिटरला जास्त धावणाऱ्या मोटारसायकली आल्या आणि दोन-स्ट्रोक इंजिनांचा जमाना सरला. २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटर बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. ज्या चेतकसाठी आपल्या वडिलांनी वर्षानुवर्षे नंबर लावला होता, ती किलोवर विकली जाऊ लागली. परमिटवर नवी रिक्षा आली की जुनी तोडायला जाई. दरम्यान रांजणगावला फियाटचा कारखाना उभा राहिला, पुढे एकेक करत इतर कारखाने आले, आणि सणसवाडी-शिक्रापूर पट्ट्यात पत्र्याचे, पाइपचे, लोखंडी तुकड्यांचे नवे भंगारही साचू लागले. ते कमी पडले तर बुधवारी आणि रविवारी भरणारा पुण्याचा जुना बाजार होताच.

गो-कार्ट ही गाडीदेखील अशाच उरलेल्या मालातून जन्मली आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये आर्ट इंगल्स नावाचा कारागीर रेसच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात काम करत असे. त्याने १९५६ साली लू बोरेली या साथीदाराबरोबर पाइपची चौकट जोडली आणि तिच्यावर गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवले. जगातली पहिली कार्ट ती हीच मानतात. पण इंगल्सची कार्ट गुळगुळीत फरशीवर आणि डांबरावर पळायची होती. तिला स्प्रिंगा नव्हत्या. मागची दोन्ही चाके एकाच अखंड रॉडवर पक्की असत, म्हणजे वळताना आतले चाक कमी आणि बाहेरचे जास्त फिरण्याची सोय नाही. ती सोय नसताना वळायचे तर चौकटच थोडी पिळवटून आतले मागचे चाक उचलले जावे लागते. डांबरावर हे जमते. आपल्या माळावर काय होते, ते आम्ही स्वतः भोगले.

आमची गाडी

पहिली गाडी आम्ही १९९८ च्या उन्हाळ्यात केली. मी डिप्लोमाच्या सुट्टीत आलो होतो, मित्र तोवर वेल्डिंगमध्ये तयार झाला होता. विहिरीवरच्या जुन्या पाइपची चौकट, लुनाचे इंजिन, मागे अखंड रॉड आणि त्यावर चेन. माळावर ती पन्नास पावले नीट गेली. मग चढ आला. लुनाचे इंजिन पन्नास सीसीचे, त्याला गिअर नाहीत, वेग वाढला की आपोआप धरणारा क्लच. ओझे पडले की क्लच नुसता घसरायचा आणि तापून वास सोडायचा. वळायला गेलो तर पुढची चाके वळत, पण मागचा अखंड रॉड गाडी सरळच ढकलत राही. चौकट इतकी खाली होती की पहिल्याच दगडाने चेन उतरवली. आठ दिवसांत गाडी कोपऱ्यात गेली आणि तिच्यावर कडबा पडला.

ती पुन्हा बाहेर निघाली २०१० मध्ये. मित्राचे तोवर स्वतःचे गॅरेज झाले होते. त्याच्याकडे तोडायला आलेल्या एका रिक्षाचा मागचा भाग पडून होता. तो बघूनच त्याने मला फोन केला आणि म्हणाला, "ये लेका, आपली गाडी यातच हाय."

आणि खरेच होती. मागे इंजिन असणाऱ्या बजाजच्या रिक्षेत इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच जुडग्यात असतात. डिफरन्शियल म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी व्यवस्था, इंगल्सच्या कार्टला जी नव्हती ती. चार पुढचे गिअर आणि एक रिव्हर्स. प्रत्येक मागच्या चाकाला स्वतंत्र हात आणि स्प्रिंग, म्हणजे एक चाक दगडावर चढले तरी दुसरे जमीन सोडत नाही. इंजिनाला स्वतःचा पंखा, त्यामुळे ते सीटमागे कोंडून ठेवले आणि गाडी मुंगीच्या पावलांनी चढत असली तरी तापत नाही. मोटारसायकलचे इंजिन वाऱ्यावर थंड होते, ते तिथे टिकले नसते. हे सगळे मित्राने मला रिक्षेखाली आडवे पडून समजावले.

चौकट नवी केली, जमिनीपासून पूर्वीपेक्षा दुप्पट उंच. पुढेही रिक्षाचीच आठ इंची चाके लावली, पण मागच्यापेक्षा अंतर रुंद ठेवून. स्टिअरिंग मारुती ८०० च्या भंगारातले. रिक्षाचे गिअर हँडलच्या मुठीत असतात, त्यांच्या केबली आणून उजव्या हाताशी एका दांडीला जोडल्या. मी व्हर्निअर घेऊन मापे लिहीत होतो. तो अंगठ्याने चाचपून सांगत होता, आणि बहुतेक वेळा आमचे एकमत होत होते.

डिफरन्शियलने एक अडचण सोडवली आणि दुसरी उभी केली. ओढ्यात उतरताना एक चाक हवेत लटकले की सगळी ताकद त्याच चाकात जाई. ते गरगर फिरे आणि जमिनीवरचे चाक ढिम्म उभे. मी पुस्तकातले उपाय सांगू लागलो, सगळे महागडे. मित्राने समोर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे बोट दाखवले. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेताच्या टोकाला वळताना एकच दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. त्याने रिक्षाच्या हँडब्रेकच्या केबली सुट्या केल्या आणि दोन वेगळ्या दांड्यांना जोडल्या. हवेत फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक हळूच ओढला की ताकद दुसऱ्या चाकाकडे जाई आणि गाडी ओढ्याबाहेर येई. त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत ओढ्यात उतरलो आणि चढलो.

पण ट्रॅक्टरच्या त्या दोन ब्रेकना जोडणारी एक कडी असते. रस्त्यावर वेगाने जाताना ती लावायची असते, म्हणजे दोन्ही चाके एकदम थांबतात. ती कडी आम्ही केली नव्हती. तिसऱ्या दिवशी माळावर मी तिसऱ्या गिअरमध्ये होतो, समोर शेळी आली आणि घाईत हातात एकच दांडी सापडली. गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि आडवी झाली. वर संरक्षणाची चौकट नव्हती, कमरेला पट्टा नव्हता. माझ्या खांद्याजवळचे हाड मोडले. तेवढ्यावर निभावले, हे नशीब. चूक दोघांची होती, आणि माझी जास्त. कारण मोजमाप, नियम, सुरक्षितता हे शिकून आलो होतो तो मी.

नंतर मित्राने महिनाभर कोणाला गाडीवर बसू दिले नाही. दोन्ही ब्रेकना कडी केली. डोक्यावर पाइपची कमान जोडली आणि तिला मागे तिरके टेकू दिले. मारुतीचे पट्टे लावले. बसायची जागा चार इंच खाली घेतली. चेनला पत्र्याचे झाकण तर नव्या गाडीत लागलेच नाही, कारण चेनच नव्हती. इंजिन बंद करायचा एक खटका हाताशी आणि एक बाहेरच्या बाजूला, बघणाऱ्यालाही दाबता येईल असा.

बरीच वर्षे मला वाटत होते की बाहेरचा खटका ही त्याची स्वतःची युक्ती. युक्ती त्याचीच होती, पण जगात ती नियम म्हणूनही आहे. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात १९७६ साली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांची बाजा स्पर्धा सुरू झाली. भारतात ती २००७ पासून मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला होऊ लागली. पुण्यातल्या अनेक महाविद्यालयांची पोरे तिथे जातात. शर्यतीआधी गाडीची कसून तपासणी होते. पाइप किती जाड, कमान कशी बांधली, पट्टे कसे, बंद करायचे खटके दोन आहेत का, आणि ब्रेक दाबल्यावर चारही चाके जागीच अडकतात का. त्यात जी गाडी बसत नाही, ती कितीही जोरात पळत असली तरी शर्यतीत उतरत नाही. नियमावली वाचताना माझा हात आपोआप खांद्याकडे गेला.

पाबळ

आता ज्या कारणाने हे लिहायला बसलो, तिथे येतो.

आपल्याच शिरूर तालुक्यात पाबळ आहे. तिथे १९८३ साली डॉ. एस. एस. कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग अमेरिकेत डॉक्टरेट केलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या पदावर काम केलेले. निवृत्तीनंतर ते खेड्यात आले ते एका विचाराने. हाताने काम करत शिकणे हीच शिकण्याची नैसर्गिक रीत आहे, आणि शाळेत मागे पडलेले पोर या रीतीने पुढे जाऊ शकते. आश्रमात येणाऱ्यांत शाळा सोडलेली मुले पुष्कळ होती. वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती, बांधकाम हे त्यांचे विषय. विहिरीसाठी पाणी कुठे लागेल याचा अंदाज देणारे यंत्र वापरायला तिथली पोरे शिकली, घुमटाकार घरे बांधायला शिकली. आणि तिथेच जीपचे भाग वापरून एक छोटा, स्वस्त ट्रॅक्टर तयार झाला. त्याचे नाव मेकबुल.

अमेरिकेतल्या एमआयटी या जगप्रसिद्ध संस्थेने आपल्या आवाराबाहेर फॅब लॅब उभारायला सुरुवात केली, तेव्हा अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक २००२ साली पाबळला आली. कलबाग २००३ मध्ये गेले. त्यांचे काम चालू आहे, आणि आठवी ते दहावीच्या मुलांना अशी हातकामे शिकवणारा त्यांचा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक शाळांत पोहोचला आहे.

ही सगळी माहिती मला चाळिशी उलटल्यावर मिळाली. मी ती मित्राला त्याच्या गॅरेजात वाचून दाखवली. जीपच्या भागांचा ट्रॅक्टर ऐकून तो आधी खूश झाला. किती सालचं, कुठलं इंजिन, असे विचारू लागला. मग आश्रम १९८३ चा आहे, हे त्याच्या ध्यानात आले. आम्ही नववीत होतो तेव्हा तो सुरू होऊन दहा वर्षे झाली होती. थोडा वेळ तो पान्याला लागलेले ऑइल पुसत राहिला. मग म्हणाला, "मंजी आपल्याच तालुक्यात व्हतं. आन् कुणी सांगितलं न्हाई."

यात मी कोणा एकाला दोष देत नाही. गुरुजींच्या हाती वर्गात साठ-सत्तर पोरे होती. आपल्या पालकांना तर दहावी पास आणि नापास एवढेच कळत होते. पण आपण आता कळत्या वयाचे आहोत. या मेळाव्यासाठी आपणच माजी विद्यार्थ्यांची यादी केली, ती दहावी उत्तीर्ण झालेल्यांच्या रजिस्टरवरून. त्यात माझ्या मित्राचे नाव नव्हते. बेअरिंगचा आकडा वाचणारा, रिक्षेतून बग्गी काढणारा, ट्रॅक्टरचा ब्रेक ओळखणारा हा माणूस आपल्या शाळेत नऊ वर्षे बसला आणि आपल्या यादीत नाही. समितीच्या लक्षात आणून दिल्यावर नाव घातले गेले, हे इथे आवर्जून नोंदवतो. पण असे तो एकटाच नसणार. आपापल्या वर्गातली नववीत गळालेली नावे आठवून पाहा.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. तिथले दत्तात्रय लोहार यांनी जुन्या गाड्यांचे भाग जोडून छोटी जीप बनवली, स्कूटरसारखी किक मारून चालू होणारी. खर्च साठ हजारांच्या घरात. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत आनंद महिंद्रा यांनी पाहिली आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती मिळालीही. त्याच वेळी त्यांनी हेही लिहिले होते की अशी गाडी नियमात बसत नाही. ते खरे आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही आणि मूळ गाडीत मनाला येईल तसा बदलही करता येत नाही. आमची बग्गीही स्वतःच्या शेताबाहेर कधी गेलेली नाही आणि जाणारही नाही. माझ्या खांद्याने मला या कायद्याचा अर्थ शिकवला आहे. पण कायदा गाडीला आडवा येतो, शिकण्याला नाही. हाताची समज आणि वहीतले मोजमाप वेळेवर एकत्र आले असते, तर आमच्या ब्रेकना पहिल्याच दिवशी कडी असती.

म्हणून एक सुचवतो. मेळाव्याच्या निधीतून प्रवेशद्वाराची कमान उभारावी, असा विचार चालू आहे. कमानीला माझा विरोध नाही. पण त्याआधी शाळेत एक खोली कामाची व्हावी. एक भक्कम टेबल, एक शेगडा, ड्रिल, वेल्डिंगचे यंत्र, डोळ्यांचे चष्मे आणि भंगारातले एखादे इंजिन, पोरांनी खोलून पुन्हा जोडावे म्हणून. पाबळची मंडळी रीत सांगतील. आठवड्यातून दोन दिवस शिकवायला माणूस आपल्यातच आहे.

त्याला मी विचारले. तो हसला आणि म्हणाला, "अरं मी दहावी न्हाई. मला शाळेत फळ्यापुढं कोण उभा करणार?"

त्याला काय उत्तर द्यायचे, ते आपण सगळ्यांनी मेळाव्यात ठरवावे. बग्गी त्या दिवशी ट्रॉलीवर घालून शाळेच्या मैदानात आणणार आहोत. ज्यांना बसायचे असेल त्यांनी जरूर बसावे. पट्टा लावूनच बसवले जाईल, आणि दोन्ही ब्रेकची कडी लावलेली असेल.